बावीस प्रश्नांत खपली नाही

नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात होणाऱ्या कॅन्सरवर मुख्य उपचार रेडिएशनचा. साधारण ७० ग्रे, सुमारे सात आठवड्यांत, रोज थोडंथोडं. बऱ्याच जणांचा कॅन्सर जातो, पण सायनसची सूज मागे लागते. मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते आणि शोधनिबंधात वाक्य येतं: रुग्ण सुधारले. माझी तक्रार या ‘सुधारले’बद्दल आहे.

आधी आतली रचना बघा. गालामागच्या सायनसचं तोंड तळाला नसतं, वर असतं, आपल्याकडच्या शेततळ्याच्या सांडव्यासारखं. मग शेंबूड वर चढतो कसा? अस्तरावरचे सूक्ष्म केस, म्हणजे सिलिया, एकाच दिशेने हलत त्याला तोंडापर्यंत ढकलत नेतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मेसरक्लिंगर यांनी हे वहन बारकाईने पाहिलं आणि ‘फंक्शनल’ शस्त्रक्रियेची कल्पना त्यातूनच आली: अडलेलं तोंड मोकळं करा, उरलेलं काम सिलिया करतील.

रेडिएशनने मार खातात ते हेच सिलिया. तपासायची पद्धत साधी आहे. सॅकरिनचा कण नाकात ठेवायचा आणि घशात गोड लागेपर्यंत घड्याळ बघायचं. निरोगी माणसाला साधारण २० मिनिटांच्या आत कळतं. रेडिएशन झालेल्यांना बराच जास्त वेळ लागतो, काहींना गोड लागतच नाही. म्हणजे सांडवा रुंद केला, पण पाणी वर चढवणारा पंपच बंद. अशा नाकावरच्या शस्त्रक्रियेला ‘फंक्शनल’ म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं.

आता मोजपट्ट्या. सीटी स्कॅनसाठी लुंड-मॅके गुण, ० ते २४. त्यात सायनस किती भरलंय ते कळतं, माणसाला किती त्रास होतोय ते नाही. त्रासासाठी स्नॉट-२२ ही प्रश्नावली: २२ प्रश्न, प्रत्येकी ० ते ५, एकूण ११०. शिंका, सर्दी, कान दुखणं, झोप, चिडचिड, सगळं आहे. रेडिएशननंतरच्या नाकाची मोठी तक्रार मात्र कडक खपल्यांची आणि घाण वासाची असते. त्यावर एकही प्रश्न नाही! वास येतो का, असं विचारलंय; नाकातून वास मारतो का, असं नाही. तोंड कोरडं पडतं का, तेही नाही. प्रश्नावली वाईट नाही, ती साध्या जुनाट सायनससाठी बनली. दुसऱ्याच्या मापाचा सदरा आहे, एवढंच.

आणि मोजायचं कधी? शस्त्रक्रियेनंतर नाक वारंवार साफ करून घेतलेलं असतं. त्या काळातला आकडा चांगलाच येणार. श्रेय शस्त्रक्रियेचं की सफाईचं, हे तुलनेला दुसरा गट नसेल तर सांगता येत नाही.

नारायणगावातून हे वेगळं दिसतं. समजा, इथल्या टोमॅटोवाल्या शेतकऱ्याने उपचार पुण्यात घेतले. सुमारे ७५ किलोमीटर, नाशिक रस्त्याची गर्दी, खपल्या काढायच्या प्रत्येक फेरीला अख्खा दिवस. तोडणी चालू असेल तर मजूर कोण बघणार? निबंधातल्या तक्त्यात या फेऱ्यांना रकाना नसतो. घरी मिठाच्या पाण्याने रोज नाक धुवायचं असतं, तेही उकळून गार केलेल्या पाण्याने, विहिरीच्या कच्च्या पाण्याने नाही. काहींना हे वर्षानुवर्षं करावं लागतं.

शस्त्रक्रिया नकोच, असं मी म्हणत नाही. पू कोंडला असेल, बुरशीचा गोळा असेल, किंवा कॅन्सर परतलाय का बघायला तुकडा घ्यायचा असेल, तर ती लागतेच. काही सर्जन तर भोक मुद्दाम मोठं आणि खालपर्यंत करतात, म्हणजे सिलिया नसले तरी गुरुत्वाकर्षणाने निचरा होतो आणि धुण्याचं पाणी आत पोचतं. हा विचार मला प्रामाणिक वाटतो, कारण त्यात हरवलेलं काम परत आणल्याचा दावा नाही. फक्त रेडिएशन घेतलेलं हाड भरून यायला कुरकुर करतं, म्हणून किती कापायचं हा प्रश्न तिथेही उरतोच.

तेव्हा असा निबंध हाती आला, तर निष्कर्षाआधी पद्धतीचं पान उघडा आणि खपल्या कोणी, किती महिने मोजल्या ते शोधा.