आभासी संवादी पात्रांची देहबोली : पंचवटीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
मनुष्य केवळ शब्दांनी बोलत नाही. पंचवटीतील रामकुंडावर क्षेत्रोपाध्ये आणि यजमान यांची भेट होते तेव्हा जोडलेले हात, लवलेली मान आणि राखलेले अंतर यांतून परस्परांचे नाते आधीच सूचित होते. संगणकाच्या पडद्यावरील आभासी पात्राला ही देहबोली शिकविता येईल काय, हा प्रश्न सिंहस्थात येणाऱ्या नानाप्रांतीय यात्रेकरूंना मार्गदर्शन करू पाहणाऱ्या कोणत्याही यंत्रणेसाठी महत्त्वाचा ठरतो.

प्रारूपाचे स्वरूप :
या क्षेत्रातील एक उल्लेखनीय प्रयत्न म्हणजे माथियास रेम, एलिझाबेथ आंद्रे, तोयोआकी निशिदा प्रभृती संशोधकांचा ‘क्यूब-जी’ प्रकल्प होय. जर्मनी व जपान या देशांत प्रथम परिचय, वाटाघाट आणि विषम दर्जाच्या व्यक्तींचे संभाषण या ३ प्रसंगांचे चित्रीकरण करण्यात आले. हातवाऱ्यांचा विस्तार, वेग इत्यादी घटकांची सांगड हॉफस्टेड यांच्या सांस्कृतिक परिमाणांशी घालण्यात आली. केवळ ठोकळेबाज समजुतींवर न विसंबता प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार घेतला, हे या प्रकल्पाचे श्रेय निर्विवाद आहे.

मर्यादा :
तथापि येथे संस्कृतीचे एकक ‘राष्ट्र’ हेच राहते. हॉफस्टेड यांची मूळ सामग्री १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून मिळालेली होती. सत्ता-अंतराच्या निर्देशांकात त्यांनी भारताला ७७, जपानला ५४ व जर्मनीला ३५ गुण दिले. रामकुंडावर हा ७७ चा अंक कोणाच्या बाजूने लावावयाचा? संकल्प सोडताना धनिक यजमानही उपाध्यायांपुढे वाकतो. दक्षिणेच्या वेळी मात्र दात्याचे स्थान यजमानाकडे जाते. माणसे तीच, संस्कृतीही तीच. प्रसंगानुसार नाते तेवढे पालटते. मान डोलावण्याचेही तसेच आहे. तिचा अर्थ होकार, दाद किंवा केवळ ‘ऐकतो आहे’ असा होऊ शकतो. तो नकार समजला गेल्यास वृद्ध यात्रेकरूची दिशाभूल अटळ आहे.

भरताच्या नाट्यशास्त्राने प्रदेशभेदावर आधारित ४ प्रवृत्ती मानल्या. पण पात्राची प्रकृती आणि प्रसंगातील भाव यांचा विचार स्वतंत्रपणे केला. आधुनिक प्रारूपात नेमका हाच विवेक उणा पडतो.

समारोप :
सारांश, राष्ट्राऐवजी ‘नाते’ व ‘प्रसंग’ ही एकके स्वीकारून, संबंधितांच्या संमतीने, स्थानिक व्यवहाराचे निरीक्षण होणे आवश्यक आहे. अन्यथा आभासी पात्र नमस्कार करील. परंतु तो कोणाला, केव्हा आणि किती लवून करावा, हे त्याला उमगणार नाही.