मंडई बांधली, बाजार राहिला



आजचा विषय आहे फळे-भाजीपाला बाजारांचा विकास. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे भाजीबाजारात काय काम, असे काहींना वाटेल. पण हातात पिशवी घेऊन आम्ही पन्नास वर्षे पुण्याच्या मंडईत जातो आहोत. आणि 'विकास'सारखा शब्द उलटून-पालटून बघणे, हे तर आमचे जुनेच काम.

सुरुवात एका पुस्तकाने करू. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात गाडीभर माळवे शहरात आणणाऱ्या शेतकऱ्याचा हिशोब मांडला आहे. वजनात खेळ करणारा दलाल आणि म्युनिसिपालिटीची जकात यांत मालाची किंमत संपते, गाडीभाडे पदरचे भरावे लागते, आणि तो रिकाम्या हाताने घरी जातो. आता १४० वर्षे पुढे या. फेब्रुवारी २०२३. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा बाजारात नेला. भाव लागला किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाऊन हाती आला दोन रुपयांचा धनादेश. बैलगाडीच्या जागी टेम्पो आला. हिशोब तोच राहिला.

मग मधल्या काळात काहीच झाले नाही का? झाले की! १९६३च्या बाजार समिती कायद्याने उघड लिलाव आणला, वजनाला नियम आणला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत, त्या काळाच्या मानाने ही मोठी गोष्ट होती. आज समित्यांना सरसकट शिव्या देणाऱ्यांनी हे विसरू नये. पण परवाने मूठभरांकडे राहिले आणि आवारातच नवी मक्तेदारी उभी राहिली. म्हणून २०१६ साली राज्याने आवाराबाहेरचा फळे-भाजीपाल्याचा व्यापार नियमनमुक्त केला, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले. तरी २०२४ साली रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काय दिसले? ग्राहकाच्या रुपयातले शेतकऱ्याला टोमॅटोमागे सुमारे ३३ पैसे, कांद्यामागे ३६, बटाट्यामागे ३७.

असे का होते? आमच्या मते आपली बाजाराची कल्पनाच चुकीची आहे. बाजार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जागा येते. शेड, गाळे, शीतगृह, आणि आता मोबाइलवरचे ॲप. पण बाजार म्हणजे जागा नव्हे. घेणारा आणि देणारा, दोघांनाही 'नाही' म्हणता येते, तिथे बाजार असतो. एकालाच म्हणता येत असेल, तर तिथे नुसती विल्हेवाट लागते.

या कसोटीवर कांदा आणि टोमॅटो शेजारी ठेवून बघा. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. काही सडतो, वजनही घटते, पण आजचा भाव पटला नाही तर शेतकरी थांबू शकतो. साध्या कांदाचाळीने त्याच्या हाती जे दिले, ते मोठमोठ्या इमारतींनी दिले नाही. टोमॅटोवाल्याला ही सोय नाही. २०२३च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली, आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो शेतकरी रस्त्यावर ओतत होते. आणि कांदेवाला थांबला, तर सरकार थांबू देते का? डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्याची निर्यात बंद होती. चाळीने दिलेला नकाराचा अधिकार दिल्लीने एका आदेशात काढून घेतला. तो आदेश आपल्यासारख्या शहरी गिऱ्हाइकांसाठी होता, हेही कबूल करू या.

जुन्नरकडचा आमचा एक जुना विद्यार्थी टोमॅटो करतो. तो एकदा म्हणाला, "सर, भाव कमी मिळाला याचं एवढं वाईट वाटत नाही. पण पट्टी हातात येते तेव्हा भाव ठरून गेलेला असतो. मी त्यात कुठेच नसतो." तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही स्वातंत्र्यावर वर्षानुवर्षे बोललो. इतक्या थोडक्यात ते आम्हाला कधी सांगता आले नाही.

आता तरुणांकडे येऊ. त्यांच्यासाठी योजना म्हटली की एक ॲप आणि एक प्रशिक्षण शिबिर! अहो, खरे काम शेत आणि लिलाव यांच्या मधे पडलेले आहे. माल निवडणे, प्रतवारी, थंड ठेवणे, चार बाजारांचे भाव बघून गाडी कुठे न्यायची ते ठरवणे, पट्टी तपासणे. आज हे काम दुसरे कुणीतरी करते आणि त्याचा मोबदलाही घेते. ते गावातल्याच मुला-मुलींनी, गावाच्या कंपनीसाठी, पगारावर का करू नये? नाशिकजवळ मोहाडीला 'सह्याद्री'ने शेतकऱ्यांची कंपनी काढून हे करून दाखवले. पण तिथली सुरुवात निर्यातीच्या द्राक्षांनी झाली, हे लक्षात ठेवा. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर. दहा क्रेट वांगी पिकवणाऱ्याला तो नमुना जसाच्या तसा बसणार नाही. त्याला हवी आहे गावातली लहान शीतखोली, सामायिक गाडी आणि दुसरा एखादा गिऱ्हाईक. फार मोठी मागणी नाही ही.

शेवटी पुन्हा फुल्यांकडेच येतो. पुण्याच्या नगरपालिकेत सदस्य असताना त्यांनी मंडईच्या भव्य इमारतीवरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा असे त्यांचे म्हणणे. इमारत झालीच, १८८६ साली, गव्हर्नर रे साहेबांच्या नावाने. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला फुल्यांचेच नाव मिळाले. नाव दिले, छान केले. त्यांचा आक्षेप मात्र आपण ऐकलाच नाही. नव्या बाजाराचा आराखडा समोर आला की किती चौरस फूट, हे आपण आधी विचारतो. यापुढे आधी हे विचारा : इथे माल आणणाऱ्या बाईला तो न विकता परत नेता येईल का?

उत्तर 'नाही' असेल, तर ती फक्त इमारत आहे.