सैनिकांची उपमा कुठे अपुरी पडते?

‘प्रतिपिंडे म्हणजे शरीराचे सैनिक’ हे वाक्य आपण वर्गात सर्रास वापरतो. ते मुलांना चटकन कळते. पण ते अर्धेच खरे आहे.

स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे दुखणारा घसा बरा होतो. मग १ ते ३ आठवड्यांनी एखाद्या मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसतो, लघवी चहाच्या रंगाची होते. जंतू मूत्रपिंडात शिरलेले नसतात. त्यांची प्रथिने व त्यांना चिकटलेली प्रतिपिंडे यांचे पुंजके मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्यांत अडकतात किंवा तिथेच तयार होतात. त्यामुळे रक्तातली ‘पूरक प्रथिने’ कार्यान्वित होतात, पांढऱ्या पेशींना बोलावतात आणि दाह सुरू होतो. यात ‘सी-३’ हे पूरक प्रथिन इतके खर्ची पडते, की रक्तातले त्याचे प्रमाण घटते. सहसा ६ ते ८ आठवड्यांत ते पूर्ववत होते.

इथे शत्रू कोण? उपमेपाशी उत्तर नाही. म्हणून ती टाकून देऊ नये. तिची मर्यादाही शिकवावी. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. पण सुजलेला चेहरा पाहून ‘झोप झाली नाही का?’ एवढेच न विचारता शिक्षकांनी लघवीचा रंगही विचारला, तर मूल वेळेवर डॉक्टरांकडे पोहोचेल.