श्रम : औषध कीं शिक्षा ?

सॅम्युएल ट्यूक यांनीं १८१३ सालीं प्रसिद्ध केलेलें ‘रिट्रीट’ या संस्थेचें वर्णन आजही मन लावून वाचण्याजोगें आहे. रिट्रीट म्हणजे विसाव्याचें ठिकाण. वेड लागलेल्यांसाठीं काढलेली ही संस्था यॉर्क येथें १७९६ सालीं सुरू झाली. ग्रंथकाराचे आजोबा विल्यम ट्यूक व त्यांचे क्वेकर पंथबंधु हे तिचे संस्थापक. साखळदंड व फटके तेथें वर्ज्य होते. रोग्यानें स्वतःस आवरावें यासाठीं नियमित कामासारखा गुणकारी उपाय बहुधा दुसरा नाहीं, असा ग्रंथकाराचा अभिप्राय आहे. स्त्रियांना शिवण, विणकाम व घरकाम देत. शरीराला हालचाल घडविणारीं कामें विशेष पसंत करीत. हा तपशील वाचतांना लेखकाचा जिव्हाळा प्रत्ययास येतो.

परंतु त्याच सुमारास इंग्लंडच्या तुरुंगांतही श्रमाचा महिमा गाइला जात होता. १८१८ सालीं विल्यम क्यूबिट या यंत्रज्ञानें कैद्यांसाठीं पायचक्की तयार केली. तिच्या पायऱ्या संपत नसत, चढणारा वर जात नसे, आणि कित्येक ठिकाणीं एक दाणाही दळला जात नसे. सुधारणेचें नांव मात्र तिलाही होतें. मग एक काम औषध व दुसरें शिक्षा, हें कशावरून ठरवावें ?

मिशेल फूको यांनीं १९६१ सालच्या आपल्या ग्रंथांत ट्यूकांवर कठोर टीका केली. त्यांच्या मतें येथें लोखंडी बेडीच्या जागीं अपराधाच्या जाणिवेची बेडी आली, आणि काम हें तिचेंच साधन झालें. टीका मार्मिक आहे, पण सर्वस्वीं न्याय्य नाहीं. विणलेला मोजा कोणाच्या तरी पायांत जातो. रित्या पायचक्कीवर दिवसभर राबून हातीं कांहींच उरत नाहीं. हा भेद लहान नव्हे.

ग्रंथाचें खरें न्यून असें कीं, काम करणाऱ्या रोग्याला स्वतःला काय वाटलें, हें त्यांत फारसें उमगत नाहीं. त्यासाठीं जॉन पर्सिव्हल यांचें १८३८ व १८४० सालीं दोन भागांत निघालेलें आत्मकथन शेजारीं ठेवावें. पंतप्रधानाचे हे चिरंजीव खाजगी वेड्यांच्या इस्पितळांत राहिले होते. आपली इच्छा कोणीं विचारली नाहीं, निर्जीव वस्तूप्रमाणें आपणांस वागविलें, ही त्यांची मुख्य तक्रार.

घरांतील खिन्न माणसाला ‘कामाला लाग, बरें वाटेल’ असें आपण सहज सांगतों. तत्पूर्वीं ‘काय करावेंसें वाटतें ?’ हें त्याला विचारावें, एवढें या दोन पुस्तकांनीं सुचविलें तरी पुष्कळ झालें.