दैव आणि राखणदार

ऋषभ शेट्टी यांचा ‘कांतारा : चॅप्टर १’ हा कन्नड चित्रपट २ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला. आदल्या रात्रीच्या खेळास चामराजपेटेतील कन्नड स्नेह्यांसमवेत जाण्याचा योग आला. क्रमाने दुसरा असूनही हा भाग कथेला मागे, कदंबकालात नेतो.

परतताना कन्नड साहित्य परिषदेच्या वास्तूपाशी एका स्नेह्याने विचारले, “मराठीत ‘दैव’ म्हणजे काय?” मी उत्तरलो, “प्रारब्ध.” तो हसला, मी मात्र अस्वस्थ झालो. तत्सम शब्दच अनुवादकाला अधिक फसवितात. तुळुनाडूतले दैव म्हणजे अंगात संचारणारी, गावाची राखण करणारी शक्ती. २०२२ च्या पहिल्या चित्रपटात राजा गावकऱ्यांस वनभूमी देतो, ती या दैवाच्या साक्षीने. वचनभंग करणाऱ्यास ते शासन करते. तेथे ‘प्रारब्ध’ योजले, तर करार नाहीसा होऊन केवळ सोसणे उरते. त्यापेक्षा आमच्या कोकणातला ‘राखणदार’ अधिक जवळचा.

नव्या भागाचे वैभव डोळे दिपविते, हे मान्य केले पाहिजे. परंतु दैवाची पूर्वपीठिका उलगडण्याच्या भरात आणि युद्धाच्या गजरात, ते नेमका कोणाला जाब विचारीत आहे, हे ऐकू येईनासे होते.