'सामना' : खाल्ल्या मिठाचा प्रश्न

2022 साली शिवसेना फुटली, 2023 साली राष्ट्रवादी फुटली, आणि दोन्ही वेळा जो तो 'सिंहासन' या चित्रपटाची आठवण काढू लागला. ते साहजिकही होते. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला 1979 चा हा चित्रपट मंत्रालयातले राजकारण दाखवतो, आणि आपल्याकडे राजकारण म्हणजे मुख्यमंत्री कोण होणार, एवढाच अर्थ उरला आहे. आम्हाला मात्र आजच्या काळाला अधिक भिडणारा वाटतो तो त्याच्या आधीचा चित्रपट. दिग्दर्शक तेच, डॉ. जब्बार पटेल; पटकथाकारही तेच, विजय तेंडुलकर. चित्रपट 'सामना'. 1975 च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धेत होता. त्याला आता पन्नास वर्षे उलटली.

कथा वाचकांना ठाऊक असेल. हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) हे सहकाराच्या आणि साखरेच्या बळावर उभे राहिलेले नव्या काळातले संस्थानिक. त्यांच्या राज्यात एक दारुडा मास्तर (डॉ. श्रीराम लागू) येऊन पडतो. एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक, गांधींच्या वाटेवरचा माणूस. पाटील त्याला ठेवून घेतात, त्याची बडदास्त राखतात. मास्तरच्या कानावर मारुती कांबळे (मोहन आगाशे) हे नाव पडते. फौजेतून परतलेला हा माणूस आता गावात नाही. त्याचे काय झाले, एवढेच मास्तर विचारत राहतो.

वर्धा जिल्ह्यात बसून हा चित्रपट पाहताना मास्तर काही वेगळाच दिसू लागतो. इकडे ऊस नाही, कापूस आणि सोयाबीन आहे. हिंदुरावांचा थाट आम्हाला थोडा दूरचा. पण मास्तर आमच्या घरचा. सेवाग्राम इथे, पवनार इथे. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली आणि तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. अशा स्वप्नांवर वाढलेल्या पिढीतला एखादा शिक्षक पुढे कुठे गेला असेल? तेंडुलकरांनी त्याच्या हाती बाटली दिली. (आमचा जिल्हा सत्तरच्या दशकापासून कागदोपत्री दारूबंदीचा. त्यामुळे तरुण प्रेक्षक मास्तरला पाहून आधी हसतात आणि मग गप्प होतात.)

काळाचा योगायोगही पाहण्यासारखा आहे. चित्रपट तयार झाला 1974 साली. त्याच वर्षी 25 डिसेंबरला विनोबांनी पवनारला वर्षभराचे मौन धरले. सहा महिन्यांनी आणीबाणी आली आणि मौनातल्या विनोबांचे 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द सरकारने पाठिंब्याचे प्रशस्तिपत्र म्हणून देशभर फिरवले. विनोबांच्या मनात काय होते यावर अजून वाद चालतो, त्यात आम्ही शिरत नाही. पण एका बाजूला मौनातला खरा संत आणि दुसऱ्या बाजूला पडद्यावर बडबडणारा, झोकांड्या खाणारा गांधीवादी अशी जोडी मनात उभी राहिली की 'सामना' हा फक्त साखरसम्राटांवरचा चित्रपट राहत नाही.

निळू फुले यांचा हिंदुराव खलनायक म्हणून गाजला, पण त्याची खरी भीती त्याच्या अदबीत आहे. तो मास्तरला धमकावत नाही. आधी जेवू घालतो, प्यायला देतो, मान देतो. जो मिठाला जागतो तो प्रश्न विचारत नाही, हे गावाचे जुने शहाणपण हिंदुरावाला पाठ आहे. निवडणुकीच्या वर्षातल्या इफ्तार पार्ट्यांत पुढाऱ्यांच्या डोक्यावरच्या टोप्या पाहिलेल्या वाचकाला हे पाहुणचाराचे राजकारण समजावून सांगायला नको. खजूर हाती पडला की वस्तीतल्या शाळेचा, रखडलेल्या चौकशीचा विषय काढणारा माणूस आपल्यातच उद्धट ठरतो. मास्तर तसा उद्धट आहे. हिंदुरावाचे मीठ खातो, त्याचीच दारू पितो आणि त्याच्याच घरात बसून त्याला विचारतो.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. मास्तर हा मारुती कांबळेचा कोणीच नाही. भाऊबंद नाही, जातीचा नाही, गावचाही नाही. ज्यांनी विचारायला हवे ते गप्प आहेत आणि ज्याचे काही लागत नाही तो विचारतो आहे. 2006 च्या सप्टेंबरात 8 तारखेला मालेगावात स्फोट झाले. आधी आपलीच मुले पकडली गेली आणि तिथल्या आरोपींना दोषमुक्त व्हायला 2016 उजाडले. त्याच महिन्यात 29 तारखेला आपल्या विदर्भातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठार मारले गेले. आपल्या अंकांतून मालेगाववर किती पाने लिहिली गेली आणि खैरलांजीवर किती, हे वाचकांनी जुने अंक काढून पाहावे. दलित नियतकालिकांनाही हाच प्रश्न उलट करून विचारता येईल, पण तो त्यांनी विचारायचा.

चित्रपट निर्दोष नाही. स्त्रियांना त्यात फारसा आवाज नाही. मारुती कांबळेला तर आपण बहुतेक इतरांच्या तोंडून ओळखतो. दलित पँथर 1972 सालीच उभी राहिली होती, हे लक्षात घेता त्याचे असे नुसते प्रश्नचिन्ह होऊन राहणे खटकते. दोन थोर नटांच्या जुगलबंदीत तो मेलेला माणूस अधूनमधून हरवतो.

आणखी एक तक्रार आपल्या मंडळींकडून ऐकू येते. जब्बार पटेल यांनी मराठी खेडे एवढे बारकाईने दाखवले, पण त्यात मुसलमान कुठे आहे? एम. एस. सथ्यूंनी 'गर्म हवा' केला, मग पंढरपुरात जन्मलेल्या आपल्या माणसाने आपली कथा का सांगितली नाही? तक्रार अगदीच पोकळ नाही. मराठीत मुस्लिम मोहल्ल्याचा 'सामना' अजून व्हायचा आहे. पण मास्तरचे मोजमाप खुद्द दिग्दर्शकालाही लावून पाहावे. पुढे 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट याच जब्बार पटेलांनी केला, आणि त्यात बाबासाहेब उभे केले ते केरळच्या मामुट्टीने. त्या भूमिकेसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.