दुसरे पारडे : वैद्यकीय तुलनाभ्यासांतील ‘प्रचलित उपचार’ ह्या संज्ञेची चिकित्सा

मराठीत ‘चिकित्सा’ हा शब्द दोन क्षेत्रांत सारख्याच अधिकाराने वावरतो. वैद्य रोगाची चिकित्सा करतो आणि समीक्षक ग्रंथाची. व्याकरणपरंपरेने मूळ संस्कृत रूपाला रोगाचा प्रतिकार हा अर्थ दिला. परंतु त्यालाच ‘वि’ हा उपसर्ग लागून सिद्ध झालेल्या ‘विचिकित्सा’ ह्या शब्दाचा अर्थ संशय असा आहे. उपचार, परीक्षण आणि संशय ह्या तीन गोष्टी एकाच शब्दकुळात नांदाव्यात, हा योगायोग मानला तरी तो विचारप्रवर्तक आहे. आधुनिक वैद्यकातील तुलनात्मक चाचणी नेमकी ह्या तिन्हींच्या आधारावर उभी असते. उपचाराविषयी संशय असतो, म्हणून परीक्षण करावयाचे असते. प्रस्तुत लेखात अशा चाचण्यांच्या परिभाषेतील ‘प्रचलित उपचार’ ह्या एकाच संज्ञेची तपासणी करावयाची आहे. महाराष्ट्रात झालेल्या काही महत्त्वाच्या अभ्यासांच्या आधारे असे दाखवता येईल, की ही संज्ञा आरंभी एक अर्थ घेऊन येते आणि समर्थनाच्या वेळी दुसरा. आणि ह्या अर्थांतराची किंमत चाचणीत सामील झालेल्या माणसांना मोजावी लागते.

औषधाला गुण आला की नाही हे ठरवण्याची आपली जुनी रीत व्यक्तिगत अनुभवाची होती. अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असे आपण आजही म्हणतो. त्यात औषधाचा गुण किती, हाताचा किती आणि आपोआप पडलेला उतार किती, ह्यांची फोड करण्याचे साधन नव्हते. ते साधन तुलनेने दिले. ‘तुलना’ ह्या शब्दातच तुला आहे, आणि एका पारड्याने वजन होत नसते. १९४८ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी प्रसिद्ध केली, ती ह्या पद्धतीचा आदर्श मानली जाते. फुप्फुसाच्या क्षयाच्या १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना विश्रांतीबरोबर नवे औषध मिळाले आणि ५२ जणांना केवळ विश्रांती. कोण कोणत्या गटात जाईल हे यदृच्छेने ठरले. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ मृत्यू झाले, दुसऱ्यात १४. त्या वेळी औषध फार थोडे उपलब्ध होते, आणि त्या प्रकारच्या क्षयावर विश्रांती हाच मान्य उपचार होता. दुसऱ्या पारड्यात जे होते ते रूढही होते आणि त्या काळाच्या मानाने प्रमाणही होते. रूढ आणि प्रमाण ह्यांची अशी गाठ पुढे प्रत्येक चाचणीत पडेलच, असे मात्र नाही.

ह्या दुसऱ्या पारड्याला मराठीत बहुधा ‘नियंत्रण गट’ किंवा ‘नियंत्रित गट’ असे म्हटले जाते. हे भाषांतर दिशाभूल करणारे आहे. इंग्रजी ‘कंट्रोल’ ह्या शब्दाचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील ज्या शब्दात आहे, त्याचा अर्थ प्रतिवही, म्हणजे मूळ हिशेब ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी वही, असा होतो. शास्त्रीय संज्ञेत हाच ताळ्याचा अर्थ टिकून आहे. सत्ता चालवण्याचा अर्थ तिथे अभिप्रेत नाही. ‘नियंत्रित गावे’ असे वाचणाऱ्या मराठी वाचकाची समजूत अशी होते, की ह्या गावांवर कोणाची तरी विशेष देखरेख आहे. वास्तविक नव्या योजनेचा स्पर्श ज्यांना झालेला नाही, तीच ही गावे असतात. आपल्याकडे हिशेबाच्या व्यवहारात ‘रुजुवात’ हा उत्तम शब्द आहे. अशोक केळकरांनी आपल्या समीक्षाग्रंथाला तोच शब्द शीर्षक म्हणून दिला, हे येथील वाचकांस सांगावयास नको. ‘रुजुवातीचा गट’ किंवा सोपेपणासाठी ‘पडताळा-गट’ म्हटले, तर अर्थ जागच्या जागी राहतो. पुढे मी ‘पडताळा-गट’ हाच शब्द वापरणार आहे.

नावाचा दोष दुरुस्त करता येतो. त्या गटाला काय मिळते ह्याचे जे वर्णन केले जाते, त्यातील दोष अधिक खोल आहे. इंग्रजीत ‘स्टँडर्ड केअर’ म्हणतात, आणि त्याचे मराठी रूपांतर कधी ‘प्रचलित उपचार’ तर कधी ‘प्रमाणित उपचार’ असे होते. भाषेच्या अभ्यासकाला ही जोडी परिचित आहे. एखाद्या समाजात लोक जसे बोलतात ती रूढ भाषा, आणि जसे बोलावे असे मानले जाते ती प्रमाण भाषा. पहिले वर्णन आहे, दुसरा दंडक आहे. वर्णनाला दंडकाचा मान देणे किंवा दंडकाला वर्णन समजणे, ह्या दोन्ही चुका भाषाविचारात आपण टाळावयास शिकलो आहोत. वैद्यकीय चाचणीच्या परिभाषेत मात्र एकच शब्द दोन्ही कामे करतो.

उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे २०२३ पासूनच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ साली सुरू झालेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी ह्या दृष्टीने वाचावी. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांच्या सहकार्याने ती झाली, आणि तिचे निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह आणि चार गट, असा तिचा विस्तार होता. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्याची पेशीपरीक्षा, तिसऱ्याची अॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना ‘प्रचलित’ सेवा होती, आणि त्या भागात प्रचलित सेवेत अशी तपासणी नव्हतीच. एचपीव्ही तपासणीच्या ३४,१२६ स्त्रियांत ह्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, पडताळा-गटात ६४. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाल्याचे आढळले नाही.

शास्त्रीय मूल्याच्या बाबतीत ह्या अभ्यासाला कमी लेखणे अन्यायाचे होईल. पडताळा-गट नसता, तर त्या परिस्थितीत एकदाच केलेली पेशीपरीक्षा किंवा पाहणी पुरेशी पडत नाही, हे कळण्याचा मार्ग नव्हता. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ साली सुरू झालेल्या दुसऱ्या चाचणीत १,५१,५३८ स्त्रिया होत्या, आणि प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्यांत आम्लाची पाहणी केली. तेथे मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या म्हणजे पाहणी किती वेळा करावी, ह्या प्रश्नाला काही उत्तर मिळते. तुलनांचीही तुलना करावी लागते, ती अशी.

तथापि ह्याच चाचण्यांवर मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये २०१४ साली कठोर टीका झाली आणि संशोधकांनी तिला उत्तरही दिले. संशोधकांच्या बाजूचा युक्तिवाद थोडक्यात असा, की देशात संघटित तपासणी नव्हतीच. सबब पडताळा-गटातील कोणाचेही काही काढून घेतले गेले नाही. हा युक्तिवाद ‘प्रचलित’ ह्या शब्दावर उभा आहे, आणि तो शब्द येथे वर्णनावरून दंडकावर घसरतो. ‘येथे तपासणी होत नाही’ हे वर्णन खरे आहे. परंतु ‘म्हणून तपासणी न देणे हा योग्य उपचार आहे’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पेशीपरीक्षेचा उपयोग अनेक देशांत दशकानुदशके होत आला होता. संशय होता तो मुख्यतः आपल्याकडील परिस्थितीत कोणती तपासणी किती परिणामकारक ठरेल ह्याविषयी. हा संशय तपासण्या एकमेकींशी ताडूनही बराच फिटला असता. तपासणीवाचून राहिलेला गट घेतल्याने उत्तर अधिक निर्णायक झाले, हे खरे. पण तो निर्णायकपणा कोणाच्या खर्चाने आला, हे ‘प्रचलित’ हा शब्द सांगत नाही.

ह्याच्या शेजारी गडचिरोलीचा अभ्यास ठेवावा. अभय आणि राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धती ३९ गावांत आजमावली आणि ४७ गावे पडताळ्यासाठी ठेवली. निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. तिसऱ्या वर्षाअखेर पडताळ्याच्या गावांच्या तुलनेने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. येथेही पडताळ्याच्या गावांना जे मिळत होते तेच मिळत राहिले. मग दोहोंत भेद कोणता? भेद विचिकित्सेचा आहे. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीने जंतुसंसर्ग ओळखावा, प्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यावे, आणि ते सुरक्षित व गुणकारी ठरावे, ह्याविषयी वैद्यकवर्गाला त्या वेळी खरोखरच शंका होती. १९८७ साली बेंजामिन फ्रीडमन ह्यांनी तज्ज्ञसमुदायातील अशा प्रामाणिक अनिश्चिततेलाच चाचणीचे नैतिक अधिष्ठान मानले. गडचिरोलीच्या अभ्यासाची उणीव निराळी आहे. गावांची वाटणी यदृच्छेने झालेली नव्हती. उपक्रमापूर्वीच्या दोन वर्षांची, १९९३ ते १९९५ ह्या काळातील, दोन्हीकडील मोजणी हाताशी असल्याने ती उणीव बरीच भरून निघते, पूर्णपणे नाही. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धती राष्ट्रीय कार्यक्रमात आली. पडताळ्याच्या गावांकडून घेतलेले ज्ञान व्यवहारात परत गेले, असे येथे म्हणता येते. कर्करोगाच्या बाबतीत २०१६ सालच्या केंद्रीय मार्गदर्शक आराखड्याने तपासणीची शिफारस केली खरी, पण ती आम्लाच्या पाहणीची. उस्मानाबादेत जी पद्धती सरस ठरली तिला त्यात स्थान मिळाले नाही.

पुण्याजवळचे उदाहरण तिसऱ्या प्रकारचे आहे. रोटाव्हायरसवरील भारतीय लसीची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे झाली. पुण्याचे काम केईएम रुग्णालय संशोधन केंद्राकडे होते. ६,७९९ बालकांपैकी ४,५३२ बालकांना लस मिळाली आणि २,२६७ बालकांना लशीसारखे दिसणारे पण लस नसलेले द्रव्य. तीव्र अतिसारापासून सुमारे ५४ टक्के संरक्षण, हा २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष होय. परदेशी लशी तेव्हा बाजारात होत्या, शासकीय लसीकरणात नव्हत्या. म्हणजे दुसऱ्या पारड्याचे समर्थन पुन्हा ‘प्रचलित’ ह्याच शब्दाने झाले. मात्र दोन्ही गटांतील बालकांच्या अतिसारावर सतत लक्ष ठेवण्यात आले. आक्षेप त्यामुळे नाहीसा होत नाही. परंतु पडताळा-गटाला रूढ सेवेच्या वर काही देता येते आणि तरीही तुलना टिकते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

रूढ आणि प्रमाण ह्यांच्या गोंधळाची एक उलटी बाजूही पुण्यातच दिसते. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील ६३१ आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ३३८ नवजात बालकांची मापे ताडून पाहिली. तो लेख २००३ सालचा. सरासरी वजन येथे २.७ किलो, तेथे ३.५ किलो. परंतु स्नायू व पोटातील अवयव ह्यांच्या मानाने त्वचेखालील मेद येथील बालकांत बराच राखलेला होता. ‘कृश पण मेदयुक्त’ असे हे बालक होते. २००४ साली याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्य युडकिन ह्यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा शरीरभारांक २२.३, पण मेद एकाचा २१.२ टक्के तर दुसऱ्याचा ९.१ टक्के. युरोपीय लोकसमूहांत जे रूढ होते ते जगाला प्रमाण म्हणून लावले गेले होते, आणि ते प्रमाण येथील मधुमेहाचा धोका झाकत होते. आशियाई लोकांसाठी २३ ह्या अंकापासून सावध व्हावे, असा विचार जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली मांडला. उस्मानाबादेत आपली रूढी आपल्यालाच प्रमाण म्हणून दिली गेली. येथे दुसऱ्याची रूढी दिली गेली होती. दोष एकच आहे.

राहिला संमतीचा प्रश्न. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, असा नियम आहे. परंतु समजणे हे केवळ लिपीवर अवलंबून नसते. ‘प्रयोग’ हा शब्द व्याकरणातही आहे, म्हणून त्याच अंगाने पाहू. उदाहरणादाखल ‘दुसऱ्या गटास प्रचलित सेवा दिली जाईल’ हे वाक्य घ्यावे. रचना कर्मणी आहे, कर्ता लुप्त आहे, आणि जे मिळणार नाही त्याला ‘दिली जाईल’ असे क्रियापद लाभले आहे. तेच ‘तुमचे गाव दुसऱ्या गटात आले, तर आम्ही तुमची तपासणी करणार नाही, ती हवी असल्यास अमक्या रुग्णालयात होते’ असे लिहिले, तर कर्ता पुढे येतो, नकार उघड होतो आणि पर्याय हाती येतो. समूहवार चाचणीत चिठ्ठी गावाच्या नावाने निघते, पण दुखणे एकेका बाईच्या वाट्याला येते. म्हणून तर हे वाक्य तिला उद्देशून असले पाहिजे.

सबब चाचणीचा कोणताही अहवाल वाचताना प्रथम दुसऱ्या पारड्यात काय होते ते शोधावे. ते तेथे केवळ रूढ म्हणून होते की प्रमाण म्हणून, हे विचारावे. आणि त्याविषयीचा संशय खरा होता काय, हे पाहावे. हे तीन प्रश्न वैद्यकाचे जितके आहेत तितकेच अर्थविचाराचे आहेत. मराठीतील संमतिपत्रांचा संग्रह करून त्यांतील प्रयोगरचना, नकारवाचक वाक्ये आणि ‘प्रचलित’, ‘प्रमाणित’, ‘नियंत्रित’ ह्या शब्दांचा वापर ह्यांचा पद्धतशीर अभ्यास आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा, असे मला सुचवावेसे वाटते. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांतील नीतिसमित्यांचे सहकार्य लागेल. भाषाशास्त्राचा जिवंत माणसांस उपयोग व्हावयाचा, तर ह्याहून निकडीचे क्षेत्र सहसा सापडणार नाही.